रोलरच्या दातांवरचा टणक थर



हंगाम संपून धुराडे थंड झाले म्हणजे कारखाना झोपला, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात त्याच दिवसांत मिल हाऊसमध्ये वेल्डिंगचा लखलखाट चालू असतो. दुरुस्ती-खर्चात वेल्डिंग रॉडचा आकडा पाहून वार्षिक सभेत कोणीतरी विचारतोच, "साध्या रॉडने भागत नाही का? महागाचा कशाला?" प्रश्न रास्त आहे. पैसा सभासदांचा आहे, तेव्हा उत्तरही नीट दिले पाहिजे.

रोलर झिजतो तो नुसत्या उसाने नव्हे, उसाबरोबर येणाऱ्या मातीने. टणकपणा मोजण्याच्या विकर्स मापावर रोलरचे बिडाचे कवच भरते सुमारे २००, तर वाळूतील गारेचा कण सुमारे १,०००. ही वाळू म्हणजे दातांवर अखंड चालणारी कानसच. दात गुळगुळीत झाले की रोलर ऊस धरत नाही, घसरतो. मिल चोक होते, आणि चालली तरी रस बगॅसमध्ये राहून जातो.

तो किती, ते हिशेबाने पाहू. एक टन उसाचा २८० किलो बगॅस धरला आणि बगॅसमधील पोल २ वरून २.५ टक्क्यांवर गेला, तर टनामागे १ किलो ४०० ग्रॅम साखर बॉयलरमध्ये जळते. पाच लाख टन गाळपाला ७,००० क्विंटल! त्यातली सगळीच पोत्यात आली असती असे नाही, पण बरीचशी आली असती. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरली आणि त्यावरच्या दर ०.१ टक्का उताऱ्याला ३ रुपये ४६ पैसे जादा. म्हणजे उसाच्या टनाला ३४ रुपये ६० पैसे. दाताची झीज अशी थेट आपल्या बिलात उतरते.

म्हणून दातांच्या टोकांवर व बाजूंवर टणक धातूचे खरबरीत टिपके वेल्डिंगने बसवतात. मिलवाले याला आर्किंग म्हणतात. त्या धातूतील क्रोमियम कार्बाइडचे स्फटिक १,५०० च्या आसपास टणक, म्हणजे गारेला वरचढ. आणि खरबरीतपणामुळे ऊसही धरला जातो.

आता खरी अडचण. वितळलेला धातू थंड होताना आकसतो. साधे पोलाद त्या ओढीबरोबर थोडे ताणले जाते. हा कडक धातू ताणला जात नाही, तडकतो. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, त्यातलाच प्रकार. वेल्डरचे काम वाईट म्हणून त्या पडतात असे समजू नये. चुटच्या पत्र्यावर माल नुसता घासत जातो. तिथे अशा बारीक आडव्या भेगा चालतात, उलट त्यामुळे ताण मोकळा होतो. तिथे महागडा रॉड वापरणे म्हणजे पैसे फुकट घालवणे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फायब्रायझरच्या हॅमरची गोष्ट निराळी. मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे घेणाऱ्या त्या हॅमरसमोर मोळीतून दगड आला, की दोन भेगांमधला तुकडा खपलीसारखा उडतो. कधी भेग खालच्या पोलादात उतरते आणि हॅमरच तुटतो. एकाचे वजन घटले की तोल जाऊन सगळा रोटर थरथरतो आणि बेअरिंगवर बेतते. मिल बंद. यार्डात भरल्या गाड्या उन्हात उभ्या, ऊस वाळतोय, बैल ताटकळलेत. हे चित्र आपल्याला नवे नाही.

अशा जागी भेगांना दाद न देणारा मिश्रधातू लागतो. त्यातल्या एका प्रकारात निओबियम असते. हे निओबियम कार्बनचे मोठे भुकेले. धातू थिजू लागताच ते कार्बन ओढून घेते आणि त्याचे बारीक, सुटे सुटे कण होतात. टणकपणा २,००० च्या पुढे. क्रोमियमचे लांबट, ठिसूळ स्फटिक व्हायला मग कार्बन फारसा उरत नाही आणि कणांभोवतीचे पोलाद चिवट राहते. काही रॉडांत बोरॉन, टायटॅनियम किंवा व्हॅनेडियमही घालतात.

मात्र "भेग पडतच नाही" हे विक्रेत्याचे बोलणे जपून घ्यावे. खालचा धातू कोणता आणि उष्णता किती, यावर पुष्कळ अवलंबून असते. रोलरच्या बिडात ३ टक्क्यांहून अधिक कार्बन. ते तापून झटकन थंड झाले की थराखाली ठिसूळ पट्टा तयार होतो आणि थरासकट दात निखळतो. म्हणून बिडावर अँपिअर कमी, टिपके लहान, एका जागी उष्णता साचू द्यायची नाही. हॅमरवर आधी चिवट पोलादाचे अस्तर, मग वर दोन-तीनच थर, आणि नंतर चुन्यात किंवा राखेत सावकाश थंड करायचे. रॉड ओव्हनमध्ये कोरडे हवेत. दमट रॉड म्हणजे घरबसल्या भेगांना आमंत्रण.

फडातली बाजू आपल्या हाती. ऊस जमिनीलगत तोडावाच, पण मुळाची ढेकळे मोळीत नकोत. मोडका कोयता, ट्रॉलीची पिन असले लोखंड वाटेतला लोहचुंबक बहुधा पकडतो. दगड त्याला दिसत नाही.

राहिला प्रश्न कोणता रॉड घ्यावा याचा. एकाच रोटरवर समोरासमोरच्या जोड्यांना निरनिराळे रॉड लावावेत, हॅमर वजन करून चढवावेत आणि उतरवल्यावर पुन्हा वजन करावे. गाळलेल्या हजार टनांमागे कोणाची किती ग्रॅम झीज झाली, ते वहीत मांडावे. पुढची खरेदी नुसत्या दरपत्रकावर न होता या वहीवरून व्हावी, असा आमचा आग्रह आहे.