गालिचे धुणाऱ्या गाडीचे इंजिन

अमेरिकेतील घरांत आणि कार्यालयांत खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, कडेच्या खिळपट्ट्यांवर ताणून बसवलेला गालिचा सर्रास आढळतो आणि जॉर्जिया राज्यातील डाल्टन हे शहर तर अशा गालिच्यांच्या उत्पादनासाठीच ओळखले जाते. हा गालिचा सतरंजीप्रमाणे उचलून बाहेर धुता येत नसल्यामुळे धुलाईची यंत्रणाच घराच्या दारात न्यावी लागते, आणि या गरजेतून बंद व्हॅनच्या पोटात बसवलेले, तेथे ‘ट्रकमाउंट’ या नावाने ओळखले जाणारे यंत्र रूढ झाले. गाडी रस्त्यावर उभी राहते, तिच्यातून निघालेल्या लांब नळ्या दारातून आत जातात, एका नळीतून गरम पाणी दाबाने गालिच्यात सोडले जाते आणि दुसऱ्या जाड नळीतून तेच पाणी मळासकट परत खेचून घेतले जाते. यातली कल्पना फार नवी नाही. लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने 1901 साली धूळ शोषणारे जे यंत्र तयार केले, ते घोडागाडीवर बसवलेले होते, आणि तेही रस्त्यावर उभे करून खिडक्यांतून नळ्या आत सोडल्या जात.

या यंत्राचे सारे काम एका इंजिनावर चालते. व्हॅनचेच इंजिन वापरणारे काही प्रकार आहेत, जसे महापालिकांच्या मैला उपसणाऱ्या अनेक गाड्यांत ट्रकच्याच इंजिनावर पंप फिरतो. परंतु पुष्कळ यंत्रांमध्ये साधारण 18 ते 30 अश्वशक्तीचे स्वतंत्र पेट्रोल इंजिन असते. कोहलर किंवा ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन यांची हवेने थंड होणारी, इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात दोन सिलिंडर मांडलेली इंजिने लहान यंत्रांत दिसतात, तर मोठ्या यंत्रांत कुबोटासारखी, रेडिएटर असलेली इंजिने बसवलेली असतात. हे इंजिन पट्ट्याच्या किंवा जोडदांड्याच्या साहाय्याने ब्लोअर फिरवते आणि पाण्याचा दाबपंपही चालवते. ब्लोअर म्हणजे एका बंद कवचात एकमेकांना न शिवता उलटसुलट फिरणारे दोन कमरदार रोटर. इंडियाना राज्यातील रूट्स बंधूंनी 1860 साली पेटंट घेतलेली ही रचना आजही फारशी बदललेली नाही. समुद्रसपाटीवर वातावरणाचा दाब पाऱ्याच्या 29.92 इंच उंचीइतका भरतो आणि ब्लोअर त्यातला 12 ते 15 इंच दाब कमी करतो, म्हणजे नळीत जवळजवळ अर्धे निर्वात निर्माण होते. याहून अधिक ताण येऊ नये म्हणून टाकीजवळ एक स्प्रिंगची सुरक्षा-झडप असते, जी ठरलेल्या मर्यादेला उघडून बाहेरची हवा आत घेते.

इंजिनाकडे तिसरे कामही असते, ते पाणी तापवण्याचे, आणि या यंत्राचे वेगळेपण तसेच त्याच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ येथे आहे. पेट्रोल इंजिनात जळालेल्या इंधनाच्या ऊर्जेपैकी साधारण चौथा हिस्सा, फार तर त्याहून थोडा अधिक भाग फिरत्या दांड्यावर मिळतो आणि उरलेली उष्णता धुराड्यातून व सिलिंडरच्या भिंतींतून निघून जाते. मोटारीत ही उष्णता शक्य तितक्या लवकर बाहेर टाकली जाते, तर येथे तीच अडवून, उष्णता-विनिमयक नावाच्या नळ्यांच्या जाळ्यातून ती पाण्याला दिली जाते. इंजिनाच्या धुराचा, ब्लोअरमधून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या हवेचा आणि काही यंत्रांत रेडिएटरच्या पाण्याचाही असा उपयोग होतो. रचना काटकसरीची आहे यात शंका नाही; मात्र तिच्यामुळे मोकळ्या हवेत चालण्यासाठी घडवलेले इंजिन व्हॅनच्या अरुंद पोटात, तापलेल्या नळ्यांच्या आणि दमट हवेच्या सान्निध्यात तासन्‌तास पूर्ण भाराखाली चालत राहते. पंपात, पाण्याच्या नळ्यांत किंवा ब्लोअरमध्ये काही बिघडले, तरी त्याचे पहिले लक्षण पुष्कळदा इंजिनाच्या आवाजात उमटते आणि दोष इंजिनाच्या माथी मारला जातो.

म्हणूनच बिघाड शोधताना पहिला प्रश्न इंजिनाचा नसून भाराचा असतो. स्टार्टर फिरवला असता इंजिन जागचे हलत नसेल आणि बॅटरी व तिची टोके ठीक असतील, तर पट्टा उतरवून ब्लोअर हाताने फिरवून पाहावा लागतो. रोटर आणि कवच यांच्यामधील फट अगदी बारीक असल्याने आत शिरलेले पाणी, साबणाचा फेस किंवा गंज यांच्यामुळे दोन-चार दिवस उभ्या राहिलेल्या यंत्राचा ब्लोअर जाम होऊ शकतो, आणि अशा वेळी स्टार्टर पुनःपुन्हा दाबत राहिल्यास ब्लोअर सुटत नाही, उलट स्टार्टरही जळतो. पट्टा उतरवल्यावर इंजिन मोकळेपणाने फिरले, तर ते निर्दोष आहे असे मानून दुरुस्तीची दिशा बदलता येते.

इंजिन फिरते पण सुरू होत नाही, किंवा चालता चालता बंद पडते, या तक्रारीत ते कसे बंद पडले हे विचारणे फार मोलाचे ठरते. दिव्याचे बटण बंद करावे तसे ते एका क्षणात थांबले असेल, तर कारण बहुधा विजेचे असते. गचके खात, दम तोडत थांबले असेल, तर इंधनाकडे पाहावे लागते. पहिल्या प्रकाराचा उगम या यंत्रातील सुरक्षा-स्विचांत असतो. मळपाण्याची टाकी भरली की तरंगणारा गोळा वर येऊन इंजिन बंद करतो, वंगणाचा दाब घसरला की दुसरा स्विच तेच करतो आणि तापमान मर्यादेबाहेर गेले की तिसरा. लहान इंजिनांत ठिणगी पुरवणारी मॅग्नेटो ही व्यवस्था बॅटरीवर अवलंबून नसते आणि तिच्यातून निघालेली एक तार सांगाड्याला टेकवली की ठिणगी थांबते. हादऱ्यांनी या तारेचे वेष्टन झिजून ती मधूनच पत्र्याला लागू लागली, तर कोणत्याही स्विचचा दोष नसताना इंजिन लहरीपणे बंद पडू लागते. ही तार तात्पुरती सोडवून ठिणगी पाहिली की दोष इंजिनात आहे की जोडणीत याचा निवाडा होतो, मात्र तार सुटलेली असताना किल्लीने इंजिन बंद होत नाही, हे आधी लक्षात घेऊन इंधन तोडण्याची सोय हाताशी ठेवावी लागते. वैतागलेले कारागीर कधी कधी सुरक्षा-स्विच टाळून थेट जोडणी करतात आणि ती तशीच राहून जाते. पुढे टाकी तुडुंब भरते, पाणी ब्लोअरमध्ये जाते आणि काही डॉलरच्या स्विचपायी हजारो डॉलरचा ब्लोअर गमावला जातो. फेसाचे तर आणखी वेगळे आहे, कारण हलका फेस गोळ्याला उचलतच नाही, त्यामुळे स्विच शाबूत असूनही तो ब्लोअरपर्यंत पोचतो. टाकीत फेसनाशक द्रव घालण्याची पद्धत त्यासाठीच आहे.

इंधनाची वाट या यंत्रात नेहमीपेक्षा लांब असते. पुष्कळ ठिकाणी व्हॅनच्याच टाकीतून वेगळी नळी काढून, गाळणी आणि पंपामार्फत पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत आणले जाते, आणि ही नळी धुराड्याच्या जवळून गेली असेल, तर उन्हाळ्यात पेट्रोलची नळीतच वाफ होऊन प्रवाह खुंटतो. इंजिन तासभर नीट चालून गचके खात बंद पडते आणि थंड झाल्यावर काहीच न घडल्यासारखे सुरू होते, हे त्याचे ठळक लक्षण. अमेरिकेत सामान्यतः विकल्या जाणाऱ्या पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, भारतात तर हे प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत नेले गेले आहे; इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या पद्धतीच्या रबराला मऊ करते, त्यामुळे महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या यंत्राच्या कार्ब्युरेटरमध्ये पाणी आणि चिकट थर सापडणे नवलाचे नाही. अशा थराने बारीक छिद्र बुजले, किंवा कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्या सांध्यातून बाहेरची हवा आत गळू लागली, की मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि इंजिनाचा वेग एका लयीत चढू-उतरू लागतो. वेग स्थिर राखणारा गव्हर्नर त्या वेळी बिचारा आपले काम चोखच करत असतो, परंतु अनेकदा पाना त्याच्याच स्प्रिंगवर चालवला जातो. किल्ली फिरवताच कार्ब्युरेटरच्या तळाशी ‘टक्’ असा आवाज आला नाही, तर इंधन उघडणारी विजेची झडप हालत नाही असे समजावे. कमजोर चार्जिंगमुळे विजेचा दाब उतरला, तरीही ती झडप मिटते.

भार नसताना गोड चालणारे आणि नळी गालिच्याला टेकताच दबणारे इंजिन हा सर्वांत फसवा प्रकार आहे. दोनपैकी एक सिलिंडर निकामी झाला, तरी भाराविना इंजिन चालते, म्हणून एकेका प्लगची टोपी आळीपाळीने काढून आवाजातला फरक पाहिला जातो. जी काढल्याने फरक पडत नाही, तो सिलिंडर आळशी. बाहेर काढलेला प्लग पुष्कळ काही सांगतो: कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते किंवा हवेची गाळणी तुंबली आहे, टोक पांढरेफटक असेल तर पेट्रोल कमी पडते किंवा उष्णता अति आहे, आणि तेलकट असेल तर दट्ट्याच्या कड्या किंवा झडपांचे मार्गदर्शक झिजले आहेत. बऱ्याच इंजिनांत प्लगची फट 0.76 मिलिमीटर ठेवलेली असते, ती वापराने वाढत जाते. झडपांची फट काही इंजिनांत ठरावीक काळाने तपासावी लागते, तर हायड्रॉलिक टॅपेट असलेल्या कोहलर कमांडसारख्या इंजिनांत ती आपोआप साधली जाते. हे सगळे ठीक असूनही दम कमी पडत असेल, तर धुराची वाट तपासणे आवश्यक ठरते, कारण उष्णता-विनिमयकाच्या अरुंद नळ्यांत काजळी साचली की धूर मागे दाबला जातो, सिलिंडर पूर्ण रिकामा होत नाही आणि नवे मिश्रण कमी शिरते. साध्या इंजिनात सहसा न आढळणारा हा दोष प्लग बदलून कसा जाणार? विनिमयकाच्या पाण्याच्या बाजूलाही फिनिक्स किंवा लास व्हेगाससारख्या जड पाण्याच्या शहरांत क्षारांची पुटे चढतात, पाणी पुरेसे तापत नाही, आणि मग ते तापवण्यासाठी कामगार इंजिनाचा वेग वाढवत राहतात. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,600 मीटर उंचीवरील डेन्व्हरमध्ये हवाच विरळ असल्याने तेच इंजिन आपली सुमारे सहाव्या हिश्शाची शक्ती गमावते. तेथे कार्ब्युरेटरचा जेट लहान करावा लागतो आणि निर्वाताची मर्यादाही उतरवावी लागते.

हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचा मोठा शत्रू स्वतः गालिचाच आहे. त्यातून सुटलेले तंतू आणि धूळ फ्लायव्हीलच्या पंख्यामार्फत आत ओढली जाऊन पत्र्याच्या आच्छादनाखाली, सिलिंडरच्या पात्यांमध्ये लोकरीच्या थरासारखी बसते. बाहेरची जाळी स्वच्छ दिसत असूनही आतला सिलिंडर भाजत असतो. हे आच्छादन उतरवून पाती साफ करणे कंटाळवाणे असते म्हणून सर्वाधिक टाळले जाते. रेडिएटर असलेल्या इंजिनांत पाणी आणि इथिलीन ग्लायकोल यांचे निम्मे-निम्मे मिश्रण भरताना आत हवेचा बुडबुडा अडकला, तर तापमापकावर भरवसा ठेवता येत नाही.

वंगणाच्या बाबतीत किलोमीटरांचा हिशेब नसल्यामुळे तास मोजणाऱ्या मीटरवर विसंबावे लागते. अनेक उत्पादक 100 तासांनी तेल बदलण्यास सांगतात, आणि ताशी 50 किलोमीटर वेगाने चाललेल्या मोटारीशी तुलना केली तर हे अंतर 5,000 किलोमीटर भरते. रोज पाच-सहा तास चालणाऱ्या यंत्रात ही मुदत तीन-चार आठवड्यांतच येते. नव्या इंजिनाचे पहिले तेल त्याहून कितीतरी आधी बदलायचे असते. तेलाची पातळी घटली की सर्वांचे लक्ष जाते, पण ती वाढली तर ते अधिक गंभीर असते: कार्ब्युरेटरची सुई नीट मिटत नसेल किंवा पंपाचा पडदा फाटला असेल, तर पेट्रोल क्रँककेसमध्ये उतरते, तेल पातळ होते आणि त्याचा वास तेलपट्टीवर स्पष्ट येतो. असे इंजिन त्या अवस्थेत सुरू करू नये, कारण बेअरिंगे तर जातातच, शिवाय वाफ पेटण्याचा धोका असतो.

दिवसाचे काम संपल्यावर ब्लोअर काही मिनिटे भाराविना चालवून आतला ओलावा बाहेर काढणे आणि त्याच्या तोंडातून गंजरोधक तेलाचा फवारा देणे ही सवय यंत्राचे आयुष्य ठरवते. याच वेळात इंजिनही सावकाश थंड होते. मिनियापोलिससारख्या ठिकाणी हिवाळ्यात गाडी रात्रभर उघड्यावर राहिली, तर पंपात आणि विनिमयकात उरलेले पाणी गोठून धातू फोडते, म्हणून एकतर पाणी पूर्ण काढून गोठणरोधक द्रव फिरवला जातो किंवा गाडी उबदार गॅरेजमध्ये ठेवली जाते. गॅरेजमध्ये ठेवलेले हे यंत्र तपासणीसाठीही दार लावून कधीच चालवायचे नसते, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. घरासमोर काम करतानाही धुराड्याचे तोंड आणि वारा पाहूनच गाडी उभी करावी लागते, नाही तर नळ्यांसाठी उघडे ठेवलेल्या दारातून तोच धूर खोलीत शिरतो.