न जळलेले पेट्रोल जाते कोठे?

सोलापूरहून तुळजापूरकडे येणारा रस्ता बालाघाटाच्या डोंगरावर चढतो. अशा चढणीवर एखादी पेट्रोलची मोटार गचके देऊ लागते आणि सपाटीला लागताच पुन्हा बरी चालते. “गाडी मिसिंग मारते,” असे गॅरेजवाले सांगतात. “चालते आहे ना? मग बघू दिवाळीनंतर!” असे म्हणून मालक निश्चिंत होतो. ही चालढकल महागात का पडते, ते पाहू या.

चार सिलिंडरांच्या इंजिनाचा दंड मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरात मिनिटाला १५०० ठिणग्या पडाव्या लागतात. चढणीवर सिलिंडरात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण अधिक दाटीने भरते. दाब वाढला, की ठिणगीला प्लगची फट ओलांडणे जड जाते. म्हणून झिजलेला प्लग किंवा अशक्त कॉइल नेमकी चढणीवर दगा देते.

चार बैलांच्या नांगराचा एक बैल अडून बसला, तर उरलेल्या तिघांना नांगराबरोबर त्यालाही ओढावे लागते. बंद सिलिंडराचा दट्ट्याही असाच बाकीच्यांना ढकलावा लागतो. इंजिन थरथरते आणि ज्या रबरी आधारांवर ते बसवलेले असते, तेही लवकर झिजतात.

आता त्या न जळलेल्या पेट्रोलचे काय होते? थोडे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइलचा थर धुऊन खाली उतरते. तेथील ऑइल पातळ होते, वंगण नीट होत नाही आणि धातूवर धातू घासू लागतो.

बाकीचे पेट्रोल धुराच्या नळीत जाते. तेथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. भारतात १९९५ पासून प्रथम चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. त्याच्या मातीच्या जाळीवर प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो. हे धातू उत्प्रेरक म्हणून काम करतात व विषारी वायूंना निरुपद्रवी बनवतात. पण कच्चे पेट्रोल आले, की ते तेथेच पेटते! तापमान १४०० अंश सेल्सियसच्या पुढे गेले, तर जाळी वितळते, धुराची वाट तुंबते आणि इंजिन गुदमरते. शंभरांच्या प्लगपायी हजारोंचा भाग जातो आणि विषारी वायू थेट आपल्या श्वासात येतात.

उन्हाळ्यात येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्याच्या परिसरात गवत वाळून कोळ झालेले असते. असा लालबुंद तापलेला भाग खाली असलेली मोटार वाळल्या गवतावर उभी केली, तर वणवा लागण्याचा धोका असतो.

मोटारीतील इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर पेटला, तर गाडी लवकर गॅरेजात दाखवावी. तो लुकलुकू लागला, तर वेग कमी करून सुरक्षित जागी थांबावे. गाडी चालते आहे, एवढ्यावर ती निरोगी ठरत नाही.

तुमच्या गावातील गॅरेजवाल्याकडून काही जुने प्लग मागून घ्या. टोक कोरड्या काजळीने काळे आहे, पेट्रोलने ओलसर आहे, की फिकट तपकिरी? यांपैकी कोणता प्लग नीट काम करीत होता, हे आता तुम्हीच ठरवा.