रस्त्यांची प्रतवारी

सन २००४ मध्ये इंग्लंडात स्टीव्ह कोस्ट या तरुणाने ‘ओपनस्ट्रीटमॅप’ नावाच्या नकाशाचा आरंभ केला. संगणकाच्या साहाय्याने कोणीही त्यात भर घालावी व कोणीही तो वापरावा, अशी त्याची योजना आहे. नकाशावर रेघ ओढणे सोपे. परंतु ती महामार्गाची म्हणावी की पाणंदीची, हे ठरविणे कठीण!

इंग्लंडात रस्त्यांचे सरकारी वर्ग होतेच. तेच नकाशाने स्वीकारले. भारतातही असा आधार होता. १९४३ साली नागपूर येथे मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि तिने राष्ट्रीय महामार्गापासून ग्राममार्गापर्यंत रस्त्यांची उतरंड लावून दिली.

आफ्रिकेतील अनेक प्रदेशांत मात्र पंचाईत झाली. दोन मोठ्या नगरांना जोडणारा रस्ता एकच, आणि तोही मातीचा. डांबर नाही म्हणून त्यास गाडीवाट म्हणावे काय? तसे केल्यास लहान प्रमाणाच्या नकाशावरून तो नाहीसाच होतो, आणि औषधे घेऊन निघालेल्या गाडीला वाट सापडत नाही. उलट, गुळगुळीत डांबर पाहून एखाद्या गल्लीस वरचा दर्जा दिला, तर अवजड वाहने मुलांच्या खेळात शिरावयाची! म्हणून रस्ता कसा दिसतो यापेक्षा तो कोणत्या गावांना जोडतो, यावरून तेथे दर्जा ठरवितात. डांबर, खडी की माती, ही नोंद निराळी करतात.

तरीही वाद उरतातच. गावाबाहेरून नवा वळणरस्ता झाला, की जुन्या रस्त्याचा दर्जा उतरवावा काय? अशा वेळी त्या वाटेने नित्य जाणाऱ्याच्या शब्दाला अधिक मान मिळतो.