कान ऐकतो कसा?

पहिली-दुसरीच्या मुलांना ‘कान कशासाठी?’ असे विचारल्यास ‘ऐकण्यासाठी’ हे उत्तर तत्काळ मिळते. ऐकणे म्हणजे काय, हे मात्र शब्दांनी सांगून त्यांना उमगत नाही. यासाठी एका रिकाम्या डब्याच्या तोंडावर फुगा कापून ताणून बसवावा व त्यावर नाचणीचे थोडे दाणे टाकावेत. डब्याजवळ थाळी धरून ती जोराने वाजविताच दाणे नाचू लागतात. थाळीचा डब्यास स्पर्श झालेला नसतो. हवेतून आलेल्या कंपनांनीच फुगा हलला, हे मुले डोळ्यांनी पाहतात.

कानाचा पडदाही असाच हलतो. पडद्यामागे हातोडी, ऐरण व रिकीब अशी तीन हाडे एकमेकांस जोडलेली असतात. पहिली दोन नावे मुलांना लोहाराच्या कामावरून सांगता येतील. रिकीब मात्र घोड्याच्या खोगिराची, ती चित्रात दाखवावी. सुमारे ३ मिलिमीटरची ही रिकीब शरीरातील सर्वांत लहान हाड होय. तिच्या हालचालीने शंखासारख्या वळलेल्या नळीतील द्रव हलतो, तेथील सूक्ष्म पेशी जाग्या होतात व संदेश मज्जातंतूंवाटे मेंदूकडे जातो. ह्या पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत.

पडद्यामागील पोकळीपासून घशापर्यंत एक अरुंद नळी असते. लहान मुलांत ती आखूड व कमी उतरती असल्याने सर्दीनंतर पोकळीत पाणी साचते. कान दुखत नाही, वाहतही नाही. मुलास ऐकू मात्र कमी येते. ते बहुधा काही आठवड्यांत ओसरते, पण तोवर जोडाक्षरे व पाढे मागे पडतात आणि ‘ह्याचे लक्षच नसते’ असा शिक्का त्याच्यावर बसतो.

असा संशय आल्यास शिक्षकाने हातभर अंतरावर मुलाच्या मागे उभे राहून, त्याचा एक कान झाकवून, ओळखीचे शब्द कुजबुजावेत व ते म्हणून दाखविण्यास सांगावे. नंतर दुसरा कान पाहावा. शब्द चुकत असतील, तर पालकांना बोलावून मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. तोपर्यंत त्यास पुढे, चांगला कान शिक्षकाकडे येईल असे बसवावे. कानात तेल किंवा काडी घालू नये. शारीरिक शिक्षेस २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई आहेच. कानावर बसलेल्या चपराकीने पडदा फाटू शकतो.