घरकाम आणि चित्रकाराची नजर

घरकाम हे काम आहे काय, असे कामगारांच्या सभेत विचारले तर सभा हसते. ज्याची नोंद पगारपत्रकावर नाही ते काम कसले, हा त्या हसण्याचा अर्थ. केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणीत शंभरांतल्या ८१ स्त्रिया घरकाम करताना आढळल्या, पुरुष केवळ २६. आणि काम करणाऱ्या स्त्रीला त्यासाठी तेव्हा रोज सरासरी २९९ मिनिटे लागत होती, पुरुषाला ९७. म्हणजे बाईची पाच तासांची पाळी! ही पाळी चित्रकारांना दिसली काय, ते आपण पाहू.

पहिले उदाहरण घरचेच. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर १८६७ साली कोल्हापुरात जन्मले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून तेथेच शिक्षक झाले. ऑटो रॉथफील्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील इंग्रजी पुस्तकासाठी त्यांनी निरनिराळ्या समाजांतील स्त्रिया रंगविल्या. ते १९२० साली निघाले. लुगड्याचा काठ, दागिना, उभे राहण्याची ढब यांत त्यांचा हात धरणारा विरळा. परंतु पेहरावाची ओळख पटणे निराळे, श्रमाची निराळे.

श्रमाची ओळख पटविणारे एक चित्र हॉलंडात आहे. योहानेस व्हर्मीरने १६६० च्या सुमारास दूध ओतणारी मोलकरीण रंगविली. चित्र दीड फुटाहूनही लहान. बाह्या वर सारलेल्या, दोन्ही हात भांड्याला, नजर धारेवर. ती आपल्याकडे पाहत नाही, कारण दूध सांडता कामा नये.

आमच्या उचगावची भाकरी थापणारी बाई अशीच रंगवावी. पीठ मळताना खांद्याचा भार तळहाताच्या मुळाशी येतो. थापताना भाकरी बोटांनी फिरते. तव्यावरच्या भाकरीला पाणी लावते न लावते तोच दुसरा गोळा हाती. नुसत्या बांगड्या नि गोड चेहरा काढला, तर हा भार चित्रातून गळतो. बाई सुंदर दिसू नये, असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्या कामाचे वजन दिसत नाही, त्याचा मोबदला कोणी मागत नाही आणि वाटणीही कोणी करीत नाही.

म्हणून प्रदर्शनात असे चित्र दिसले, तर चेहऱ्याआधी हात पाहावेत. भार कोठे पडला आहे, काम कोठवर आले आहे, हे विचारावे. उत्तर मिळाले, तर चित्रकाराने काम पाहिले असे समजावे.