आठ सेकंदांतली चूक

मार्च १९८६. अमेरिकेत टेक्सासमधील टायलर या गावी एका कर्करुग्णाला किरणोपचार द्यायचे होते. यंत्र कॅनडात बनलेले, ‘थेरॅक-२५’. हवा होता इलेक्ट्रॉनचा झोत. तंत्रज्ञ महिलेने सवयीने क्ष-किरणांचे अक्षर टाइप केले. चूक ध्यानात येताच तिने ते बदलले आणि झोत सुरू केला. यंत्र थांबले. पडद्यावर उमटले ‘मॅलफंक्शन ५४’. डोस कमी पडल्याचे दिसत होते, म्हणून तिने पुन्हा कळ दाबली. ठरलेला डोस १८० रॅड होता. शरीराच्या छोट्याशा भागाला मिळालेला डोस १६,५०० ते २५,००० रॅड असावा, असा अंदाज नंतर निघाला. पाच महिन्यांनी रुग्ण दगावला.

हे घडले कसे? लिफ्टचे उदाहरण घेऊ. दार उघडे, दार बंद, वर जाणे, खाली येणे अशा तिच्या मोजक्या अवस्था. दार उघडे असताना कळ दाबली तरी ती हलत नाही. अशा रचनेला ‘फायनाइट स्टेट मशीन’ म्हणतात. उपचारयंत्रांचे सॉफ्टवेअरही असेच बांधता येते. अडचण एकच: माणसाची बोटे, मोटर आणि चुंबक एका तालावर चालत नाहीत. सूचना केव्हाही येते. हाच तो ‘असिंक्रोनस’ कारभार.

थेरॅकमधील चुंबक जागेवर यायला सुमारे ८ सेकंद लागत. तेवढ्यात केलेली दुरुस्ती सॉफ्टवेअरच्या एका भागाला कळली, दुसऱ्याला नाही. परिणामी क्ष-किरणांसाठी लागणारा, शंभरेक पट तीव्र इलेक्ट्रॉन झोत मध्ये आडोसा नसताना थेट रुग्णावर पडला. जुन्या नमुन्यांत असा झोत अडवणारी स्वतंत्र यांत्रिक कुलपे होती. नव्यात ती काढून सारी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली गेली. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात या यंत्राचे सहा अपघात झाले.

यावरचे उपाय आज ठाऊक आहेत. आलेली प्रत्येक सूचना एकाच रांगेत लावायची आणि एकेक करून हाताळायची. प्रत्येक अवस्थेत कोणती सूचना चालेल, हे आधीच लिहून ठेवायचे. अनपेक्षित काही आले, तर यंत्राने सुरक्षित अवस्थेत जाऊन थांबायचे. आणि शेवटचे कुलूप सॉफ्टवेअरच्या बाहेर ठेवायचे.

तीन आठवड्यांनी टायलरमध्येच दुसऱ्या रुग्णाबाबत तेच घडले, तेव्हा ही तंत्रज्ञ आणि तिथले भौतिकशास्त्रज्ञ यंत्रासमोर बसले. तीच अक्षरे ते पुनःपुन्हा टाइप करत राहिले. वेग वाढला तसा तो दोष पुन्हा उमटला आणि कारण सापडले. आज सलाइनच्या पंपापासून व्हेंटिलेटरपर्यंत सर्वत्र सॉफ्टवेअर आहे. त्यांचा न कळणारा इशारा कळ दाबून पुढे ढकलण्याऐवजी नोंदवणे, हीसुद्धा रुग्णसेवाच आहे.