पोपचे ऐकणारा की न ऐकणारा? अमेरिकी कॅथलिक नेत्यांचा पेच

१२ सप्टेंबर १९६०च्या रात्री टेक्सासमधील ह्यूस्टन शहरातल्या राइस हॉटेलात जॉन केनेडी भाषणाला उभे राहिले, तेव्हा समोर पक्षाचे कार्यकर्ते नव्हते. बसले होते ते प्रॉटेस्टंट पाद्री. केनेडी डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार होते आणि पंथाने कॅथलिक. कॅथलिक माणूस व्हाइट हाउसमध्ये गेला, तर देशाचा कारभार वॉशिंग्टनमधून चालेल की व्हॅटिकनमधून, ही शंका तेव्हा उघडपणे बोलली जात होती. ती घेणारे सगळेच गल्लीतले प्रचारक नव्हते. सकारात्मक विचारांवरील पुस्तकामुळे आपल्याकडेही परिचित असलेले नॉर्मन व्हिन्सेंट पील आणि त्यांच्या सहकारी पाद्र्यांनी काही दिवस आधीच तशा आशयाचे पत्रक काढले होते.

केनेडींनी उत्तर स्पष्ट दिले. आपण कॅथलिकांचे उमेदवार नसून डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार आहोत आणि कॅथलिक असणे हा योगायोग आहे, असे त्यांनी सांगितले. राष्ट्राध्यक्षाला कोणत्याही धर्मगुरूने आदेश देऊ नयेत. आणि आपली सदसद्विवेकबुद्धी व राष्ट्रहित यांत कधी संघर्ष उभा राहिलाच, तर आपण पद सोडू, असेही त्यांनी जाहीर केले.

वास्तविक अमेरिकेच्या राज्यघटनेने हा प्रश्न १७८७ मध्येच निकालात काढला होता. कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही, असे तिच्या सहाव्या कलमात नमूद आहे. १७९१च्या पहिल्या घटनादुरुस्तीने काँग्रेसला अधिकृत धर्म स्थापन करण्यास मनाई केली. परंतु घटनेचे बंधन सरकारवर असते, मतदारावर नव्हे. १९२८ मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ हे प्रमुख पक्षाचे पहिले कॅथलिक उमेदवार उभे राहिले आणि हर्बर्ट हूव्हर यांच्याकडून दारुण पराभूत झाले. स्वतःचे राज्यही त्यांना राखता आले नाही. आर्थिक तेजी आणि दारूबंदीचा वाद ही अन्य कारणे होतीच, पण प्रचारातील कॅथलिकद्वेष लपून राहिलेला नव्हता. आपल्याकडे धर्माच्या नावाने मते मागणे हा १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार गैरप्रकार ठरतो. अमेरिकेत तसा कायदा नाही. तेथे उमेदवाराची श्रद्धा हा जाहीर चर्चेचा विषय असतो आणि बहुतेक उमेदवार ती आवर्जून मिरवतात. सरकारला धर्म नाही, पण १९५६ पासून राष्ट्राचे अधिकृत बोधवाक्यच ईश्वरावरील विश्वासाचे आहे!

केनेडी जिंकले, परंतु सुमारे ६ कोटी ८८ लाख मतांपैकी जेमतेम १ लाख १३ हजारांच्या आघाडीने. कॅथलिक नेत्यांवरील संशयाचे प्रकरण तेथे मिटले असे वाटले. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात गर्भपाताचा हक्क मान्य केला आणि प्रश्नाची दिशाच उलटली. एकेकाळी कॅथलिकांकडे संशयाने पाहणारे इव्हँजेलिकल प्रॉटेस्टंट गर्भपाताच्या विरोधात हळूहळू त्यांच्याच बाजूला येऊन उभे राहिले. गर्भपाताच्या हक्काचे समर्थन करणाऱ्या कॅथलिक नेत्यांची मात्र कोंडी झाली. न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारिओ कुओमो यांनी १९८४ मध्ये नॉत्र दाम या कॅथलिक विद्यापीठातील भाषणात तिची फोड केली. चर्चची शिकवण आपण व्यक्तिशः मानतो, पण अनेक धर्मांच्या समाजात ती कायद्याने सर्वांवर लादावी काय, हा वेगळा प्रश्न आहे, अशी त्यांची भूमिका होती. आजही कॅथलिक डेमोक्रॅट नेते थोड्याफार फरकाने हाच युक्तिवाद करतात.

अनेक बिशपांना तो कधीच पटला नाही. निष्पाप जिवाचे रक्षण हा त्यांच्या दृष्टीने खासगी श्रद्धेचा विषय नाही. त्यामुळे श्रद्धा घरी ठेवून कायदेमंडळात जाण्याची मुभा कोणालाही मिळत नाही. २००४ मध्ये जॉन केरी उमेदवार झाले. केनेडींनंतरचे प्रमुख पक्षाचे हे पहिलेच कॅथलिक उमेदवार, तेही मॅसॅच्युसेट्सचेच आणि आद्याक्षरेही तीच, जेएफके. सेंट लुइसचे आर्चबिशप रेमंड बर्क यांनी केरींना कम्युनियन, म्हणजे मिस्सेत दिला जाणारा ख्रिस्तप्रसाद, देणार नसल्याचे जाहीर केले. मतदानोत्तर पाहण्यांनुसार कॅथलिकांची अधिक मते मेथडिस्ट पंथाच्या जॉर्ज बुश यांना मिळाली.

ज्यो बायडन अध्यक्ष झाल्यावर हा वाद थेट बिशपांच्या परिषदेत पोहोचला. कम्युनियनविषयी निवेदन तयार करण्याचा ठराव जून २०२१ मध्ये १६८ विरुद्ध ५५ मतांनी संमत झाला. नोव्हेंबरमध्ये प्रत्यक्ष निवेदन आले, तेव्हा त्यात एकाही राजकीय नेत्याचे नाव नव्हते. मधल्या काळात बायडन व्हॅटिकनला जाऊन पोप फ्रान्सिस यांना भेटले आणि कम्युनियन घेत राहण्यास पोपनी सांगितल्याचे त्यांनी बाहेर येऊन पत्रकारांना सांगितले. मे २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आर्चबिशपांनी प्रतिनिधीगृहाच्या सभापती नॅन्सी पेलोसी यांना आपल्या धर्मप्रांतात कम्युनियन नाकारले. पुढच्याच महिन्यात त्यांनी ते व्हॅटिकनमध्ये, पोपच्या उपस्थितीतील मिस्सेत घेतले.

टीकाकारांचा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. चर्चची शिकवण केवळ गर्भपातापुरती नाही. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात बदल करून देहदंड अस्वीकारार्ह ठरवला. तरीही देहदंडाच्या समर्थक नेत्यांच्या कम्युनियनवरून एवढा गदारोळ झाला नाही.

दुसऱ्या बाजूची कसोटी २०२५ मध्ये लागली. २०१९ मध्ये कॅथलिक झालेले उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी स्थलांतरितांवरील कारवाईचे समर्थन करताना मध्ययुगीन धर्मचिंतनाचा आधार घेतला. आधी कुटुंब, मग शेजारी, मग देशबांधव आणि त्यानंतर उर्वरित जग, असा प्रेमाचा क्रम असतो, असे त्यांचे म्हणणे. १० फेब्रुवारी रोजी पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकी बिशपांना पत्र लिहून, व्हान्स यांचे नाव न घेता, हा अर्थ खोडून काढला आणि दयाळू शोमरोन्याच्या दृष्टान्ताची आठवण करून दिली. कॅथलिक नेता पोपच्या हुकमाबाहेर जाणार नाही, ही १९६०ची भीती. २०२५ मध्ये व्हान्स यांच्यावर ठपका आला तो पोपचे ऐकत नसल्याचा. मे महिन्यात शिकागोत जन्मलेले लिओ चौदावे हे पहिले अमेरिकी पोप झाले आणि नोव्हेंबरमध्ये बाल्टिमोरच्या बैठकीत बिशपांनी सरसकट हद्दपारीला विरोध करणारे विशेष निवेदन मोठ्या बहुमताने संमत केले. त्यातही कोणाचे नाव नव्हते.